सतरा गावांत एक-एक

दाजी, तुमचा फोन अजून वाजतोय.

आक्कानं तो बंद केलेला नाही. भिंतीतल्या देवळीत चार्जरला लावून ठेवलाय, तुम्ही ठेवायचा तिथंच. काल तुमचा दहावा उरकून नदीवरून घरी आलो, बायका अंगणात पातेली घासत होत्या, तेवढ्यात वाजला. वेल्ह्याकडच्या कुठल्याशा वाडीवरून एक बाई बोलत होती. "बापू हायत का? आमचा हापसा दोन दिस झालं नुसता वारा वडतोय." आक्का म्हणाली, "न्हाईत." बाई म्हणाली, "मंग आलं की धाडा त्यास्नी. पान्याचं लई हाल हायत." आक्कानं फोन कानापासून लांब धरला, थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली आणि तसाच देवळीत ठेवला. आतून ती बाई हॅलो हॅलो करत होती. मी तिथंच उभी होते. पुढं होऊन सांगता आलं असतं मला. मी जाऊन पातेलं घासायला बसले.

कावळा पटकन शिवला, तेही सांगते. तुमचा सागर पिंड ठेवून मागं सरकला नाही तोच वरून एक उतरला. सगळ्यांना हायसं वाटलं. तुमचे चुलते म्हणाले, "बापूचं काय बी राह्यलं न्हाई बगा. समाधानानं गेला मानूस." बायकांनी डोळ्याला पदर लावले. तुम्ही समाधानानं का गेलात हे त्या अख्ख्या नदीकाठावर मला एकटीला ठाऊक होतं. मी तुम्हाला थाप मारली होती, दाजी. तुमचं राहिलेलं एकुलतं एक काम झालंय असं तुमच्या तोंडावर सांगितलं होतं, आणि तुम्ही ते खरं धरून गेलात. कावळ्याला काय माहीत.

तुम्ही आक्काला बघायला उत्रोलीला आलात तेव्हा मी सहावीत होते. चहाचं आधण ठेवायचं म्हणून आईनं मला हापशावर पिटाळलं, तर हापसा अडकलेला. मी हँडलला लोंबकळत होते. तुम्ही पाहुण्यांतून उठलात, बाह्या मागं सारल्यात आणि आमच्या आप्पांना म्हणालात, "पाना हाय का घरात?" आप्पांना कळेना, हा पोरगी बघायला आलाय का हापसा. अर्ध्या तासानं पाणी आलं. तुमच्या पांढऱ्या शर्टावर हे एवढं काळं ग्रीस. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "आक्का, ह्यांच्याशी लगीन केलंस तर तुला साबन लई लागंल." आईनं डोळे वटारले आणि तुम्ही खो खो हसलात. "ही म्हेवनी लई तिखाट हाय, हिच्यासाठी तरी करतो लगीन," म्हणालात. तेव्हापासून तुमचं माझं जमलं ते जमलं. अख्खं खोरं तुम्हाला बापू म्हणायचं, मी दाजी. तुम्ही मला काय काय म्हणालात त्याची मोजदाद नाही. शेवटी शेवटी कलेक्टरीणबाई.

कलेक्टरीणबाई झाले ती त्या नोकरीमुळं. कंत्राटाचीच नोकरी, पण ऐट बघायची माझी! भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांत येत्या पाच वर्षांत कुठल्या कामाची किती माणसं लागतील, आज किती आहेत, तुटवडा कशाचा पडेल, हे शोधून आराखडा करायचा. मग त्या आराखड्यावरून कशाचं प्रशिक्षण सुरू करायचं ते वर ठरणार. हायवेच्या कंपन्यांत गेले की मला खुर्ची मिळायची, गार पाणी मिळायचं, एसीत बसून साहेब लोक सांगायचे, अमुक मशीनवर इतके ऑपरेटर, तमुक गाडीवर इतके चालक. मी भराभरा लिहून घ्यायचे. गावात गेले की ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसायचे आणि तीस कामांची यादी वाचून दाखवायचे. गवंडी किती? सुतार किती? गुरांना टोचणारा किती? हापसा आणि मोटार दुरुस्ती करणारा किती? "हाय की एक," असं म्हणायचे लोक. मी एक लिहायचे आणि पुढच्या ओळीवर जायचे. तिनाची एसटी चुकली तर मुक्काम पडायचा ना!

हिर्डोशीला तुमच्याकडं आले तेव्हा तो फॉर्म तुम्ही हातात घेऊन उलटा-सुलटा करून बघितला होतात. "ह्यात वय कुठं लिवायचं?" विचारलंत.

"वयाचा रकाना नाही."

"आगं, मानूस हाय येवढं लिवून काय करतीस? त्यो अजून किती वर्सं हाय, ते नगं का लिवाय? आन त्याच्या खाली कोन शिकतंय, ते?"

"दाजी, फॉर्म पुण्याहून तयार होऊन येतो. मला त्यात अक्षर बदलता येत नाही."

"तुज्याच हातात पेन हाय की. पाड रकाना."

मी हसले. मग तुम्ही तुमचा सर्वे सांगितलात. आज तो शब्दन्‌शब्द आठवतोय, तेव्हा मी निम्माच ऐकला होता. तुम्ही म्हणालात, "म्या बी मोजतो. हापशाचं पाईप वर वडायला गावातली मानसं लागत्यात. आधी चार जन यायची, ज्वान गडी. चौघांत काम व्हायचं. आता सा-सात जन येत्यात, समदी साठीच्या फुडची. पाईप त्येवढाच हाय, वजन त्येवढंच हाय. मानसं जास्त लागाय लागली म्हंजी गावात मानसं कमी झाली. तुज्या कागदावर हे उलटं दिसनार बग."

"हे कुठल्या रकान्यात बसवू?" मी म्हणाले.

"बसव न्हाईतर उभं कर," तुम्ही म्हणालात, आणि आक्काला चहा टाकायला सांगितलात.

मग गणपतीत आले ती लॅपटॉप घेऊनच आले. सगळं भरून झालं होतं. बैठकीत ते पडद्यावर दाखवलंही होतं मी, नवी साडी नेसून, आणि सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तुटवडा असेल तिथं तांबडा रंग, नसेल तिथं हिरवा, आपोआप. तुम्हाला दाखवायची केवढी हौस मला! तुम्ही बशीतला चहा फुंकत विचारलंत, "आमच्या धंद्याचं काय म्हनतंय तुजं मशिन?"

"हिरवं! गरज सहा माणसांची, उपलब्ध सतरा. तुमच्या धंद्यात गर्दी झालीय दाजी, आता दुसरं काहीतरी बघा."

तुम्ही बशी खाली ठेवलीत. "सतरा? कोन कोन?"

मी गावांची नावं वाचायला लागले. भोंगवलीच्या अंगापासून ते पार वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांपर्यंत. तुम्ही एकेक बोट मिटत गेलात. "हितं म्हंजी मीच. हितं बी मीच. ह्या वाडीत गेल्या बेस्तरवारी गेल्तो." दोन्ही हातांची बोटं मिटली आणि तुम्हाला हसू आवरेना. "आगं ये!" तुम्ही आत हाक मारलीत, "भाईर ये, तुला सतरा नवरं हायत, सरकारनं मोजल्यात!" आक्का पिठाचे हात घेऊन दारात आली. "सतरा नगंत बाई, ह्यो एकच झेपंना," म्हणाली. आपण तिघंही पोट धरून हसलो. तुम्ही म्हणालात, "आता सतरा आधार कार्डं काढाय पायजेत मला."

हसता हसता माझ्या लक्षात येत गेलं. प्रत्येक गावानं "हाय की एक" म्हटलं होतं, आणि कुणी खोटं बोललं नव्हतं. आपल्याकडं जो वेळेला येतो तो आपला. मग तो राहू दे कुठंही. आमचा गवंडी म्हणतात, आमचा टोचणारा म्हणतात, तसा आमचा हापशावाला. मी या मातीतली बाई, मला हे कळायला हवं होतं. नाव विचारायला काय धाड भरली होती मला? पुण्याहून आलेल्या कुणाकडून ही चूक झाली असती तर चार दिवस मी त्यांना हसले असते. आणि घरातलाच माणूस, सख्ख्या बहिणीचा नवरा, दिवस उगवायला मोटारसायकल काढून जातो तो कुठं कुठं जातो हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. पंचायत समितीचं तुमचं हापसा दुरुस्तीचं पथक मोडलं, जोडीदार एकामागून एक घरी बसले, कुणी देवाघरी गेले, त्यांची गावं तुमच्या गळ्यात येत गेली. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. फोन यायचा आणि तुम्ही जायचात. माझ्या लेखी तुम्ही आपले खोऱ्यातल्या खोऱ्यात हिंडत होता.

तुम्ही हसायचे थांबलात आणि म्हणालात, "आता मस्करी ऱ्हाऊ दे. ते सतराचं एक कर. आन त्या एकाच्या फुडं लिव, वय अठ्ठावन्न. मंग तांबडं व्हईल न्हवं तुजं मशिन?"

"होईल."

"तांबडं झालं का मानसं शिकवायची येवस्था व्हईल?"

"व्हायला हवी."

"मंग कर. म्या शिकवतो. दोन जनं दिली तरी बास. माजं गुडगं आता रातंदिस बोलत्यात." आणि मग जरा थांबून, सागर घरात नाही असं बघून, हळू आवाजात म्हणालात, "माजं पोरगं म्या कंपनीत घातलं. त्याला ह्यातलं शिकीवलं न्हाई. दुसऱ्याचं पोरगं मागाय निगालोय, म्हंजी म्या बी चोरच. पर कुनीतरी पायजे की गं." सागरचा कंपनीतला नंबर मीच लावून दिला होता, दाजी. तुम्ही ते बोलला नाहीत.

"करते दुरुस्त," मी म्हणाले. तेव्हा मनापासून म्हणाले होते.

भोरला परत आल्यावर मी सहज तीन गावांत फोन लावले. तुमच्या गवंड्याचं नाव काय हो? त्या तिन्ही गावांत एकच नाव निघालं. टोचणारा विचारला, तोही एकच. हापशाची एक ओळ खोडून भागणार नव्हतं. अख्खा तक्ताच किडका होता. तो नीट करायचा तर पुन्हा सगळ्या गावांत जायचं, प्रत्येक कामाला नाव विचारायचं, वय विचारायचं, आणि आधी आमच्या ऑफिसच्या साहेबांपुढं उभं राहून म्हणायचं की कौतुक झालं ते चुकीचं होतं. आराखडा वर जायला अजून दोन महिने होते. पुरले असते. मी लॅपटॉप मिटला. उद्या बघू म्हटलं, मग सोमवारी बघू म्हटलं, मग कंत्राट पुढं चालू झाल्याचं पत्र हातात पडू दे म्हटलं. साहेबांनी मला गप्प बस असं सांगितलं नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. फार तर ओरडले असते. त्या ओरडण्याला भ्याले मी, दाजी. यापेक्षा मोठं कारण मला आजही सापडत नाही, आणि सापडावं म्हणून अकरा दिवस शोधतेय.

पत्र आलं. आराखडा वर गेला, तसाच हिरवा.

दिवाळीत आक्काला भेटायला आले. तुम्ही ओटीवर बसून हापशाचे वायसर निवडत होता. मी करंजी तोंडात घातली आणि तुम्ही मान वर न करता विचारलंत, "कलेक्टरीणबाई, झालं का सतराचं एक?"

"झालं," मी भरल्या तोंडानं म्हणाले.

"मंग मानूस येनार?"

"येणार की. पुढच्या वर्षी बॅच आहे." हे तुम्ही विचारलंही नव्हतं. मीच जोडलं. एक थाप उभी राहावी म्हणून तिला दुसरीचा टेकू. तुम्ही वर बघितलंत आणि तुमच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी दुसरी करंजी उचलली. अहो, नुसतं आनंदानं बघितलं असतंत तर सोसलं असतं. तुम्ही माझ्याकडं अभिमानानं बघितलंत. आक्काला म्हणालात, "बग, आपली सुनंदा. हिनं मनावं घेतलं म्हनून झालं."

तिथून पुढं तुम्ही गावोगाव सांगत सुटलात. फुडल्या साली दुसरा मानूस येतोय, म्हेवनीनं काम केलंय. संक्रांतीला आले तर ओटीवर खुंटीला दोन पिशव्या. एक तुमची, ग्रीसनं काळी पडलेली. दुसरी कोरी, तशीच जाड कापडाची. बाजारच्या दिवशी भोरातून शिवून आणली होतीत म्हणे. मी विचारलं, "ही कुणाची?"

"नव्या गड्याची." तुम्ही ती खाली काढून मला उघडून दाखवलीत. पाने, दोर, करवत, वायसरचा जुडगा, सगळं तेल लावून. मोठ्या पान्याच्या दांड्याला फडकं गुंडाळलेलं होतं, सुतळीनं घट्ट बांधलेलं. "पयल्या वर्सी हाताला फोड येत्यात," तुम्ही म्हणालात. "माज्या आले हुते, कुनी सांगाय नव्हतं. ह्याच्या नगं याय."

दाजी, त्या वेळी सांगायला हवं होतं. आक्का आत तिळगूळ वळत होती, सागर कामावर होता, आपण दोघंच होतो. तोंड उघडून "दाजी, कुणी येत नाही" एवढे चार शब्द बोलायचे होते. तुम्ही काय केलं असतंत? रागावला असतात, एक दिवस बोलला नसता, आणि मग तुम्ही स्वतःच चार गावांत हिंडून कुणीतरी शोधला असता. शोधला असता, मला खात्री आहे. माझ्यावर विसंबून बसलात म्हणून नाही शोधलात. मी म्हणाले, "पिशवी छान शिवलीय."

त्यानंतर तुमच्या छातीत दुखायला लागलं. तुम्ही पित्त पित्त म्हणत आठवडा काढलात, मग आक्कानं धरून भोरला नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन महिने वजन उचलायचं नाही, पाईप ओढायचा नाही. आक्काचा मला फोन. "तू सांग बाई, तुजंच आयकत्यात." मी आले, तावातावानं भांडले तुमच्याशी. जीव वर आलाय का तुमचा? आक्काकडं बघा जरा! तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "येवढी काळजी हाय तर तुज्या त्या नव्या मानसाला जरा लौकर धाड की. उनाळा तोंडावर हाय, मी बसलो तर कोन जाईल?" आवाजात चेष्टाच होती. मी म्हणाले, "साहेबांशी बोलते." ही तिसरी.

नळ आलेत, हापशाला आता कोण विचारतंय, असं आमच्या बैठकीत एक जण म्हणाले होते. वळवाच्या वाऱ्यात लाईट गेली की वरच्या वाड्यांत चार-चार दिवस नळ कोरडा असतो हे मला माहीत होतं. तिथंही मी गप्पच बसले होते. यंदाच्या वैशाखात असंच झालं, लाईट गेली, आणि तुमचा फोन दिवसभर वाजायला लागला. तुम्ही रोज निघालात. त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूच्या वाडीवर सात म्हातारे आणि तुम्ही पाईप ओढत होता. तिघांनी मला तिथलं वेगवेगळं सांगितलं, पण एक गोष्ट तिघांचीही जुळते. तुम्ही मधेच म्हणालात, "जरा बसतो," आणि आंब्याखाली टेकलात. भोरला आणायला टेम्पो मिळाला. वाटेतच गेलात. वाडीवरचा हापसा अजून उघडाच आहे. पाईप बाहेर काढून ठेवलेले, तसेच उन्हात पडलेत. ते परत आत सोडणारं कुणी नाही.

काल नदीवर मी चहा वाटत होते, तेव्हा लोकांचं बोलणं कानावर येत होतं. पिवळ्या टोपीचा एक जण म्हणाला, "आमच्या गावचा मानूस गेला." त्याच्या शेजारचा म्हणाला, "तुमच्या कुठला? आमचाच की त्यो." पलीकडून आणखी दोघं-तिघं, तसंच. आमचा, आमचा. मी कपाची ताटली धरून गावं ओळखत गेले. माझा अख्खा तक्ता वाळूत मांडी घालून बसला होता, दाजी. मग एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुमच्याकडं दुसरा कोन हाय न्हवं?" तो म्हणाला, "आमच्याकडं कुठला? आमाला वाटलं तुमच्याकडं आसंल." ते सगळ्यांकडं फिरलं. चहा गार झाला.

आज सकाळी आक्कानं खुंटीवरची कोरी पिशवी काढली आणि माझ्यापुढं आणून ठेवली. स्वतः तांदूळ निवडायला बसली. म्हणाली, "ही घिऊन जा तुज्याबरूबर. ह्यांनी त्या नव्या मानसासाठी ठिवली हुती. कवा येतोय त्यो?"

मी सांगितलं. सगळं. करंजीपासून साहेबांपर्यंत. रडू येत होतं पण रडले नाही, रडले असते तर तिनं उठून मला जवळ घेतलं असतं, आणि तेवढी माझी लायकी नव्हती. आक्काचा हात ताटात थांबला होता. तिनं एवढंच विचारलं, "ह्यास्नी ठावं हुतं?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली. दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "न्हाई. काय बरं झालं त्यात?"

तेवढ्यात देवळीत फोन वाजला. ती उठली, बघितलं, आणि तो वाजता फोन माझ्यापुढं धरला. एवढ्या वर्षांत आक्का माझ्याशी अशा आवाजात कधी बोलली नव्हती. "घे. सतरा हायत न्हवं तुज्या कागदावर? धाड त्यातला एक."

मी घेतला. कुणी म्हातारा माणूस होता. "बापू?"

"बापू गेले हो. अकरा दिवस झाले."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई." मग त्यांनी विचारलं, "मंग आता दुसरं कोन येनार?"

"कुणी नाही."

"आसं कसं, बाई? आमच्या गावात एक बाई आली हुती सर्वेला. समदं लिवून न्हेलं तिनं. तिला ठावं आसंल की."

"ती मीच," मी म्हणाले.

"तुमीच व्हय?" म्हाताऱ्याला जरा धीर आल्यासारखं वाटलं. "मंग बगा की तुमच्या वहीत."

मी त्यांच्या गावाचं नाव विचारलं. मग त्यांचं नाव विचारलं, आणि वय विचारलं. पाईप ओढायला गावात किती जण आहेत, कुणाकुणाची वयं काय, तेही एकेक करून विचारलं. आक्का निवडायचं थांबवून ऐकत होती. म्हातारा म्हणाला, "हे समदं तवाच का न्हाई इचारलं?" मी पुढचं वय विचारलं.

साहेबांना पत्र लिहिलंय. उद्या नेऊन देणार, हातात. आराखडा चुकला आहे, तो माझ्यामुळं चुकला आहे, आणि मला हे गणपतीपासून माहीत आहे. कंत्राट राहील न राहील. वयाचा रकाना मी स्वतःच्या वहीत पाडलाय. सतराचं एक करायचं तुम्ही सांगितलं होतंत, तेवढंही आता जमणार नाही, सतराच्या सतरा ठिकाणी शून्य लिहावं लागतंय.

हे लिहितेय तेव्हा तुम्ही भरलेली ती कोरी पिशवी मांडीवर आहे. मोठा पाना बाहेर काढून धरून बघितला, माझ्या मनगटाला तर तो उचलतही नाही. फडकं मात्र नीट गुंडाळलंय तुम्ही, सुतळीची गाठ आत घेऊन, हाताला टोचू नये अशी. फोड यायचे नाहीत, दाजी. फक्त हात कुणाचा, ते मला सांगता येत नाही.